अभिनेत्रीची बेनिफिट नाइट: तारीख, तिकिटं आणि गल्ला न चुकता कसा मांडायचा

अठराव्या शतकातल्या लंडनच्या रंगभूमीवर मराठीत कोणी काही लिहायला घेतलं, मग ती एकांकिका असो, कादंबरीतलं प्रकरण असो की एम.ए.चा प्रबंध, की बेनिफिट नाइटचा, म्हणजे एका रात्रीचं उत्पन्न एकाच कलाकाराच्या नावे ठेवलेल्या खेळाचा, प्रसंग येतोच. आणि बहुतेकदा तो चुकतो. थिएटर गच्च भरलंय, टाळ्यांचा कडकडाट, बाईंच्या पदरात दोनशे पौंड, पडदा. त्या दोनशेतले साठेक पौंड थिएटरच्या मालकाचे होते आणि उरलेल्यातले बरेचसे बाईंनी आधीच दारोदार तिकिटं खपवून जमवलेले होते, याचा मात्र पत्ता नसतो.

माहितीची कमतरता हे याचं कारण नव्हे. जाहिराती, हिशेबाच्या वह्या, प्रॉम्प्टरच्या डायऱ्या असं पुष्कळ साहित्य शिल्लक आहे. गडबड होते ती क्रमाची. लिहिणारा आधी आकडा उचलतो आणि तो कशाचा आकडा आहे हे विचारायचं राहून जातं. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. सहाव्या पायरीवर थेट उडी मारायचा मोह होईल, तो आवरा.

## तयारी: कामाला बसण्याआधी

एक कोरा तक्ता आखा. त्यात हे रकाने हवेत: तारीख, थिएटर, कोणाची बेनिफिट, मुख्य नाटक, मागून झालेला छोटा खेळ, तिकिटांचे दर, दारावरची रोकड, आधी विकलेली तिकिटं, चार्जेस (थिएटर कापून घेतं तो रात्रीचा ठरलेला खर्च), देणग्या. प्रत्येक रकान्याशेजारी ‘ही माहिती कुठून मिळाली’ असा एक बारीक रकाना ठेवा. शेवटी हाच रकाना तुम्हाला वाचवतो.

पैशाचं कोष्टक डोक्यात पक्कं करा. १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. एक्सेलमध्ये मांडणार असाल तर सगळं पेन्समध्ये बदलून घ्या, कारण ३ पौंड १० शिलिंग हे ३.१० म्हणून टाइप केलं की बेरीज चुकलीच समजा. ते ३.५० आहे. गिनी या सोन्याच्या नाण्याचं वेगळं प्रकरण आहे. १७१७ च्या डिसेंबरपासून ती २१ शिलिंगांवर ठरली, पण त्याआधीची काही वर्षं तिचा व्यवहारातला भाव २१ शिलिंग ६ पेन्स होता. शतकाच्या सुरुवातीच्या अभिनेत्रीबद्दल लिहिताना हे सहा पेन्स विसरू नका.

साधनं किमान दोन जातींची हवीत: त्या दिवसाची जाहिरात आणि थिएटरचा हिशेब. लंडन स्टेज डेटाबेसमध्ये (लंडनच्या जुन्या प्रयोगांची ऑनलाइन सूची) नाव टाकून शोधलं की दोन्हींचा सारांश बहुधा एकाच नोंदीत मिळतो. आत्मचरित्रं आणि आठवणी तिसऱ्या नंबरवर. जॉर्ज ॲन बेलामी यांच्यासारख्या बाईंनी म्हातारपणी, कर्जबाजारी असताना लिहिलेल्या आठवणी वाचायला झकास आहेत, पण त्यातला आकडा एकट्याच्या जोरावर तक्त्यात घ्यायचा नाही.

## १. ही बेनिफिट कोणत्या जातीची, ते आधी ठरवा

आपल्याकडे बेनिफिट म्हटलं की मदतीचा प्रयोग डोळ्यांपुढे येतो. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला संयुक्त मानापमान हा त्यातला सर्वांत गाजलेला. लंडनमध्येही रुग्णालयांसाठी, अडल्यानडल्यांसाठी असे खेळ होत. पण अभिनेत्रीची वार्षिक बेनिफिट ही मदत नव्हती. तो तिच्या मोबदल्याचाच भाग होता, करारात लिहिलेला, आणि जोखमीसकट तिच्या गळ्यात घातलेला. आपल्या नटाला प्रत्येक प्रयोगाची ठरलेली ‘नाइट’ मिळते, तसंही हे नव्हतं. आठवड्याचा पगार वेगळा मिळायचाच.

दुसरी गल्लत लेखकाच्या बेनिफिटशी होते. नवं नाटक तिसऱ्या, सहाव्या, नवव्या रात्रीपर्यंत टिकलं तर त्या रात्रींचा नफा नाटककाराचा. जाहिरातीत ‘लेखकाच्या हितार्थ’ असं असेल तर त्या रात्री नायिका कितीही गाजलेली असो, पैसे तिचे नव्हेत.

आता अभिनेत्रीच्या बेनिफिटमधले पोटप्रकार पाहा:

चार्जेस भरून: रात्रीच्या उत्पन्नातून थिएटर आपला ठरलेला खर्च कापून घेतं, उरेल ते बाईंचं. सर्वांत जास्त नोंदी याच प्रकारच्या सापडतील.

चार्जेस माफ: मालकाने खर्च सोडून दिलेला. हा मान पहिल्या फळीचा. किटी क्लाइव्ह यांनी १७४४ मध्ये आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली, त्यात दोन्ही थिएटरांच्या (ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन) मालकांनी संगनमत करून पगार पाडल्याच्या तक्रारीबरोबर ही खर्चमुक्त बेनिफिट काढून घेतल्याची तक्रारही आहे. क्लाइव्हबाई भांडखोर म्हणून प्रसिद्ध, पण इथे त्यांचा मुद्दा हिशेबाला धरून आहे.

वाटणीची: दोघंतिघं मिळून एक रात्र. चार्जेस वाटून, नफाही वाटून.

नुसत्या तिकिटांची: कनिष्ठ नर्तकी, पडदे ओढणारे, दरवान अशांची. ठरलेल्या रात्री आपली तिकिटं विकायची परवानगी, आणि विकलेल्या तिकिटांच्या किमतीचा बहुधा निम्मा हिस्सा थिएटरला.

तपासणी: जाहिरातीत नावं किती आहेत ते मोजा. एकापेक्षा जास्त असतील तर पुढचा प्रत्येक आकडा भागायचा आहे.

## २. तारीख नक्की करा

बेनिफिटचा हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत चाले. आधीच्या तारखा बड्या नटनट्यांना, शेवटच्या तारखा दरवान आणि बॉक्सकीपर मंडळींना. हा निव्वळ मानाचा प्रश्न नव्हता. उन्हाळा लागला की सरदार-उमराव लंडन सोडून आपापल्या गावच्या वाड्यांवर निघून जात, आणि पाच शिलिंगांचं बॉक्सचं, म्हणजे कठड्याआडच्या खास जागेचं, तिकीट घेणारा वर्ग हाच. मे महिन्यातली रात्र म्हणजे अर्धं गिऱ्हाईक गावाला गेल्यावर उघडलेलं दुकान. तेव्हा तुमच्या नायिकेला बारा-पंधरा मार्चची तारीख दिलीत तर ती पहिल्या फळीतली ठरते आणि वीस मे दिलीत तर खालच्या फळीतली. तारीख टाकली म्हणजे पात्राची पायरीही ठरली, हे ध्यानात ठेवून टाका.

या काळात बंद दिवस बरेच. लेंटच्या उपासकाळात बुधवारी आणि शुक्रवारी नाटक नाही (त्या दिवशी थिएटरात ऑरेटोरिओ म्हणजे धार्मिक संगीताचे कार्यक्रम होत), आणि ईस्टरच्या आधीचा आठवडा पूर्ण बंद. म्हणजे मार्चमध्ये कामाचे दिवस मुळातच कमी आणि त्यावर सगळ्यांचा डोळा. मालकाशी होणारी भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात.

सावधान: १७५२ पर्यंत इंग्लंडात कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे जुन्या कागदावर ‘१७ मार्च १७०८’ असं दिसलं की ते आपल्या मोजणीने १७०९ असतं. बेनिफिटचा हंगाम नेमका याच सीमारेषेवर बसलाय. एकाच हंगामातल्या दोन रात्री दोन वर्षांत फेकल्या गेलेल्या मी छापील लेखांत पाहिल्या आहेत. १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ उजाडली, तेव्हा त्याआधीच्या तारखांचे वार आजच्या कॅलेंडर-ॲपवरून काढू नका.

## ३. खेळ निवडा: त्या रात्री काय काय होतं?

संध्याकाळ कधीच एका नाटकाची नसे. पाच अंकी मुख्य नाटक, अंकांच्या मध्ये गाणी आणि नाच, मागून एक छोटा खेळ, बहुधा प्रहसन किंवा पँटोमाइम. बेनिफिटला त्यात भर पडे, कारण निवड बाईंची असे आणि नेहमीच्या रात्री जे दिसत नाही ते दाखवल्याशिवाय गिऱ्हाईक जास्तीचे पैसे काढत नाही.

निवडीमागची कारणं शोधा. सहसा यातलं एखादं निघतं: नेहमीच्या भूमिकेच्या उलट भूमिका, पुरुषवेषातली भूमिका, खास लिहून घेतलेला उपसंहार, किंवा स्वतःच लिहिलेला खेळ. क्लाइव्हबाईंनी १५ मार्च १७५० ला ड्रुरी लेनमध्ये आपल्या बेनिफिटसाठी स्वतः लिहिलेलं प्रहसन आणलं, त्यात नाटक लिहिणाऱ्या बाईची टर उडवणारी भूमिकाही स्वतःच केली. मेरी रॉबिन्सन यांनी १७७८ मध्ये आपल्या बेनिफिटला स्वतःची छोटी संगीतिका लावली. मालकाने नवीन लेखिकेचं नाटक एरवी उचललं नसतं. बेनिफिटच्या रात्री मात्र तिला कोण अडवणार?

मग येतो सहकलाकारांचा प्रश्न. नामवंत नट आपल्या बेनिफिटला उभा राहिला तर गल्ला दुप्पट, म्हणून त्याची मनधरणी. फ्रान्सिस ॲबिंग्टन यांनी १७७६ मध्ये ‘मी आता रंगभूमी सोडतेय’ असं सांगून डेव्हिड गॅरिक यांना आपल्या बेनिफिटला काम करायला लावलं. गॅरिक मालकही होते आणि लंडनचे पहिल्या नंबरचे नटही, शिवाय त्या हंगामाअखेर ते स्वतःच निवृत्त होणार होते. ते उभे राहिले, पण बाईंच्या पत्रावर त्यांनी जो शेरा मारून ठेवला त्यात बाईंना वाईटातली वाईट बाई म्हटलंय. ॲबिंग्टनबाई पुढे कित्येक वर्षं काम करत होत्या.

तपासणी: ‘निरोपाची बेनिफिट’ असं दिसलं तर पुढच्या दोन हंगामांत तेच नाव शोधा. क्लाइव्हबाईंचा २४ एप्रिल १७६९ चा निरोप खरा होता. सगळ्यांचे तसे नसत.

## ४. तिकिटं: खरं काम इथे असतं

बहुतेक लेखनात ही पायरीच गाळलेली असते. प्रेक्षक दारावर आले, पैसे टाकले, आत गेले, एवढंच. प्रत्यक्षात बेनिफिट ही काही आठवड्यांची विक्रीमोहीम होती आणि विक्री करायची ती जिच्या नावची रात्र तिने.

क्रम असा बसवा:

क. तारीख मिळाली की तिकिटं छापून किंवा कोरून घ्यायची. बेनिफिटची तिकिटं नेहमीपेक्षा वेगळी, त्यावर नाव आणि तारीख असे.

ख. वर्तमानपत्रात जाहिरात. तिच्यात तिकिटं कुठे मिळतील ते पत्ते: बाईंचं राहतं घर, एखाददुसरं कॉफीहाउस, आणि बॉक्समधल्या जागांसाठी थिएटरचा माणूस. ड्रुरी लेनच्या जाहिरातींत शतकाच्या मध्यात स्टेजडोअरवरच्या व्हार्नी यांचं नाव सारखं येतं.

ग. गाठीभेटी. आश्रयदात्यांच्या घरी स्वतः जायचं, तिकिटं द्यायची. गावोगावच्या मंडळ्यांत तर नटनट्यांनी हातात पत्रकं घेऊन दारोदार हिंडायची पद्धत होती. यॉर्क भागातल्या थिएटरांचे मालक टेट विल्किन्सन यांनी ही लाजिरवाणी प्रथा आपल्याकडे बंद केली. एकट्या अभिनेत्रीने उमरावाच्या दिवाणखान्यात जाऊन पैसे मागायचे, म्हणजे लोकांनी काय काय बोलायचं, हे तुम्ही कल्पनेने भरू शकता. नाट्य इथेच आहे, टाळ्यांत नाही.

घ. ठोक गिऱ्हाईक. या पायरीचा नमुना म्हणून २७ मार्च १७७५ ची ॲबिंग्टनबाईंची बेनिफिट घ्या. चित्रकार सर जोशुआ रेनल्ड्स यांनी बाईंच्या सांगण्यावरून समोरच्या बॉक्समधल्या ४० जागा धरल्या आणि शहरातली विद्वान मंडळी आणून बसवली. त्यात चरित्रकार बॉस्वेल होते आणि त्यांच्या मागच्या बाकावर कोशकार डॉ. जॉन्सन. ५ शिलिंगांच्या दराने ४० जागांचे होतात १० पौंड. पण रेनल्ड्सनी त्या रात्री दिलं ते दहा पौंडांपेक्षा मोठं होतं: समोरच्या बॉक्समध्ये, सगळ्या थिएटरला दिसेल अशा जागी बसलेले चेहरे. जॉन्सनना तिथून ना नीट दिसलं, ना ऐकू आलं. चार दिवसांनी मंडळीतल्या एकाने त्यावरून त्यांना छेडलं, मग गेलात तरी कशाला? उत्तर आलं की बाई लोकांच्या लाडक्या आहेत. लोकांना तुमची त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकी फिकीर वाटायला लागली की तुमच्याही बेनिफिटला येईन.

सावधान: आधी तिकीट विकलं म्हणजे माणूस आलाच असं नाही. कित्येक आश्रयदाते तिकिटं घेत आणि येत नसत. ‘अमुक तिकिटं खपली, म्हणून अमुक प्रेक्षक’ असं गणित मांडू नका.

## ५. प्रेक्षागृह मांडा

दर आधी. शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात बॉक्स ५ शिलिंग, पिट (रंगमंचासमोरची खालची बाकं) ३, पहिली गॅलरी २, वरची गॅलरी १. शतकाच्या शेवटी हे बदलतात. १७९२ मध्ये कॉव्हेंट गार्डन नव्याने बांधून उघडलं तेव्हा बॉक्स ६ शिलिंग आणि पिट साडेतीन झाला.

बेनिफिटच्या जाहिरातीत ‘पिट आणि बॉक्स एकत्र’ अशी ओळ दिसली की थांबा. याचा अर्थ पिटातल्या बाकांचाही दर बॉक्सचा, म्हणजे ३ ऐवजी ५. कधी पूर्ण पिट, कधी नुसते पुढचे काही बाक. उत्पन्न या एका ओळीने बरंच बदलतं, आणि पिटात बसणारे वकील, विद्यार्थी, टीकाकार त्या रात्री गॅलरीत ढकलले जातात किंवा घरी राहतात.

जागा राखायला नोकर पाठवायचे. जाहिराती बायकांना बजावतात की नोकर तीन वाजेपर्यंत पाठवा. खेळ सहाला. म्हणजे तीन तास बॉक्समध्ये घराण्याच्या गणवेशातले नोकर मालकाच्या जागा अडवून बसलेले, आणि मग एकेक मालक आला की उठून जाणारे. हे दृश्य एकाही मराठी एकांकिकेत मी वाचलेलं नाही, खरं तर पहिला प्रवेशच यावर होऊ शकतो.

रंगमंचावरचे प्रेक्षक: मोठ्या बेनिफिटला रंगमंचावरच चढत्या बाकांची रचना करून जास्तीची तिकिटं खपवत. विल्किन्सननी लिहून ठेवलंय की सुझॅना सिबर ज्युलिएट म्हणून थडग्यात, काळ्या कापडाने झाकलेल्या जुन्या कोचावर पडलेल्या असत आणि त्यांच्या पाठीमागे निदान दोनशे माणसं बसलेली. थडगं, आत मेलेली ज्युलिएट, आणि मागे पंखे हलवणाऱ्या बाया. शिवाय नटांना आत-बाहेर करायला वाट नाही, ते वेगळंच.

तपासणी: तुमचं वर्ष १७६२ नंतरचं आहे का? त्या वर्षी गॅरिकनी ड्रुरी लेनचं प्रेक्षागृह वाढवलं आणि बदल्यात रंगमंचावरची बाकं काढून टाकली. १७७५ च्या ड्रुरी लेनमध्ये रंगमंचावर प्रेक्षक बसवलेत तर जाणकार तिथेच पुस्तक मिटेल.

अर्ध्या दराचाही विचार करा. मुख्य नाटकाचा तिसरा अंक संपला की निम्म्या दरात आत सोडायची पद्धत होती. लोकांनी ती इतकी जपली की १७६३ मध्ये मालकांनी ती मोडायचा प्रयत्न केल्यावर दोन्ही थिएटरांत दंगे झाले, बाकं आणि झुंबरं फुटली. काही जाहिरातींत मात्र ‘पूर्ण दराखाली घेतलं जाणार नाही’ असं स्पष्ट असतं. ती ओळ तुमच्या रात्रीच्या जाहिरातीत आहे की नाही, एवढं बघून ठेवा.

## ६. गल्ल्याचा हिशेब

आता आकड्यांना हात लावायचा. एक कल्पित रात्र घेऊ, मध्य-शतकातली, गोल आकड्यांची.

दारावरची रोकड: ९५ पौंड.
बाईंनी आधी विकलेली तिकिटं: बॉक्स १६०, म्हणजे ४० पौंड, पिट २१०, म्हणजे ३१ पौंड १० शिलिंग, गॅलरी १४०, म्हणजे १४ पौंड. तिकिटांची बेरीज ८५ पौंड १० शिलिंग.
एकूण उत्पन्न: १८० पौंड १० शिलिंग.
चार्जेस: ६३ पौंड.
बाईंचे: ११७ पौंड १० शिलिंग.

इथवर सोपं आहे. गोंधळ होतो तो थिएटरच्या वहीमुळे. तिकिटांचे ८५ पौंड १० शिलिंग आधीच बाईंच्या घरी पोचलेले आहेत. थिएटरच्या तिजोरीत फक्त रोकड आली. म्हणून खजिनदार ९५ मधून ६३ वजा करतो आणि बाईंना देतो ३२ पौंड. वहीत कधी ९५ सापडेल, कधी १८०, कधी ३२. तिघं जण या एकाच रात्रीवर लिहितात, तीन आकडे देतात, आणि तिघांकडेही पुरावा असतो.

त्यामुळे कोणताही आकडा मिळाला की त्याला तीन प्रश्न विचारा. रोकड की एकूण? चार्जेस कापायच्या आधीचा की नंतरचा? तिकिटं धरून की सोडून? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत आकडा तक्त्यात पेन्सिलनेच लिहा.

चार्जेस किती धरायचे? शतकाच्या सुरुवातीला ४० पौंडांच्या आसपास, मध्याला ६० च्या पुढे, १७८० च्या दशकात १०० च्या घरात. शतकभर एकच आकडा वापरणं ही नेहमीची चूक. आणि उत्पन्न चार्जेसएवढंही झालं नाही तर? तूट बाईंनी भरायची. कनिष्ठ अभिनेत्री स्वतंत्र रात्र टाळून वाटणीला का तयार होत, ते इथे कळतं.

आता सरावासाठी खरा कागद. १७०९ मध्ये ड्रुरी लेनचे मालक क्रिस्टोफर रिच नटांच्या बेनिफिटमधला तिसरा हिस्सा स्वतःकडे ठेवू लागले. ॲन ओल्डफील्ड आणि इतरांनी लॉर्ड चेंबरलेनकडे (थिएटरांवर देखरेख असलेला दरबारी अधिकारी) तक्रार नेली, रिचनी हुकूम जुमानला नाही आणि ६ जूनला थिएटरच बंद पाडण्यात आलं. जुलैत रिच यांचे खजिनदार झॅकरी बॅग्ज यांनी नटांना किती मिळालं याचा जाहीर हिशेब छापला. ओल्डफील्डबाईंच्या नावावर हे आहे: आठवड्याला ४ पौंडांप्रमाणे १४ आठवडे १ दिवसाचा पगार ५६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, एक पोशाख रंगमंचावर वापरण्याबद्दल १० गिनी, म्हणजे १० पौंड १५ शिलिंग, रंगमंचावर मुलाचा वेष घालण्याबद्दल २ पौंड १० शिलिंग ९ पेन्स, बेनिफिटचे ६२ पौंड ७ शिलिंग ८ पेन्स.

हा कागद तपासून पाहा. ५६ पौंड १४ आठवड्यांचे, उरले १३ शिलिंग ४ पेन्स. चार पौंडांचा सहावा हिस्सा तेवढाच होतो, म्हणजे आठवडा सहा दिवसांचा धरलाय. दहा गिनींचे १० पौंड १५ शिलिंग, म्हणजे गिनी २१ शिलिंग ६ पेन्सची. कागद बेरजेला प्रामाणिक आहे. पण बेनिफिटच्या ६२ पौंडांपुढे बॅग्ज आणखी सांगतात की बाईंनी याशिवाय गिनींच्या रूपाने अंदाजे १२० पौंड मिळवले. हा अंदाज कोणाचा? नटांना गरीब म्हणवून घ्यायचा हक्क नाही हे सिद्ध करायला बसलेल्या मालकाच्या खजिनदाराचा. ६२ पौंड वहीतले, १२० पौंड तोंडचे. तक्त्यात दोन्ही घ्या, पण एका रकान्यात नको.

## ७. देणग्या वेगळ्या मांडा

तिकीट पाच शिलिंगांचं असलं तरी आश्रयदाता पाचच देईल असं नसे. गिनी द्यायची आणि सुटे परत मागायचे नाहीत, ही रीत. हे पैसे लग्नातल्या आहेरासारखे, थेट बाईंच्या हातात जात आणि थिएटरच्या वहीत उमटत नसत.

सारा सिडन्स यांची १४ डिसेंबर १७८२ ची ड्रुरी लेनमधली बेनिफिट पाहा. ऑक्टोबरमध्ये त्या लंडनला परतल्या आणि दोन महिन्यांत शहर वेडं झालं, म्हणून मार्चची वाट न बघता डिसेंबरातच रात्र दिली गेली आणि चार्जेसही माफ झाले. ‘व्हेनिस प्रिझर्व्ह्ड’ या शोकांतिकेत त्या बेल्विडेरा झाल्या. वकील मंडळींनी वर्गणी काढून १०० गिनींची थैली दिली. चरित्रकार त्या रात्रीची एकूण प्राप्ती ८०० पौंडांच्या आसपास सांगतात. नेहमीच्या दराने त्या थिएटरात एवढी रक्कम बसत नाही, तेव्हा तिचा मोठा भाग देणग्यांचा असलाच पाहिजे.

सावधान: ही रात्र नमुना म्हणून वापरू नका. चार्जेस माफ, तारीख हंगामाबाहेर, देणग्यांचा पाऊस. ती गाजली कारण ती अपवाद होती. सर्वसाधारण अभिनेत्रीचं गणित सहाव्या पायरीवरच्या कल्पित रात्रीच्या जवळ जातं, बऱ्याचदा त्याहून खाली.

## ८. पैसे कोणाच्या हातात पडले?

जाहिरातीत ‘मिसेस’ दिसलं म्हणून नवरा शोधत बसू नका. वयात आलेल्या अभिनेत्रीला तसं म्हणत. ओल्डफील्डबाईंनी कधीच लग्न केलं नाही. म्हणूनच मराठीत लिहिताना मी सरळ ‘बाई’ लावतो, ‘सौ.’ कदापि नाही.

आणि नवरा खरोखर असेल तर हिशेब संपलेला नाही. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे विवाहितेची कमाई नवऱ्याची. सुझॅना सिबर यांचे पती थिओफिलस यांनी बायकोचा पगार आणि चीजवस्तू उचलली, वर १७३८ मध्ये तिच्या प्रियकरावर दावा लावला. न्यायालयाने भरपाई दिली ती १० पौंड. तुमची नायिका विवाहित असेल आणि बेनिफिटच्या रात्री पैशाची थैली घेऊन एकटी गाडीत बसणार असेल, तर आधी ठरवा की नवरा हयात आहे का, सोबत राहतो का, आणि वेगळं राहण्याचा काही करारमदार झालाय का.

## ९. दुसऱ्या दिवसापासूनची वर्तमानपत्रं चाळा

शोध त्या रात्रीपाशी थांबवू नका. पुढचे आठ-पंधरा दिवस वाचा. तिथे आभाराच्या जाहिराती सापडतात, खेळ आयत्या वेळी बदलल्याची दिलगिरी सापडते, आणि गर्दीमुळे ज्यांना आत जाता आलं नाही त्यांची तिकिटं दुसऱ्या रात्री चालतील अशा सूचनाही. शेवटच्या प्रकारची सूचना मिळाली तर सहाव्या पायरीवर परत जा, कारण ती तिकिटं दोनदा मोजली जाण्याचा धोका आहे.

आभारही कोरड्या नजरेने वाचा. डिसेंबरच्या त्या रात्रीनंतर सिडन्सबाईंनी वर्तमानपत्रात निवेदन दिलं. शब्द सापडत नव्हते म्हणून उशीर झाला असं म्हणून त्यांनी पुढे लिहिलं की त्या रात्रीची शोभा आणि प्राप्ती इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात कधी झाली नव्हती, असं आपल्याला सांगण्यात आलंय. ‘सांगण्यात आलंय’ हे चतुर आहे. आकडा नाही, दावा मात्र आहे. आणि पुढच्या मार्चमध्ये त्यांची दुसरी बेनिफिट व्हायची होती.